पाळण्यावरचा चंद्र

मुयस्सर-ओपाने, म्हणजे आमच्या मुयस्सरताईने, रंगवलेले पाळणे मार्गिलान शहराच्या बाहेरही जातात, पण आमच्या मोहल्ल्यात तिचा दरारा आहे तो इमोजींमुळे. कुणालाही ग्रुपवर काही टाकायचं असलं की आधी तिच्याकडे धाव. मागे गफूरजान कसाई पुतणीच्या लग्नाला दोन गुलाब टाकायला निघाला होता. "अरे मेल्या, दोन फुलं मयताला! एक काढ नाहीतर तिसरं घाल!" म्हणत ओपाने त्याच्या हातातला फोनच हिसकावला. स्वतःच्या पाळण्याच्या जाहिरातीत मात्र ती एखादंच चित्र टाकते, तेही शेवटी. "मीठ चिमटीने घालतात गं, फावड्याने नाही." मी तिच्या पाळण्यांच्या गाद्या शिवते, त्यामुळे ही शिकवणी रोज मलाच ऐकावी लागते.

अशा बाईच्या हातून ते घडलं, म्हणून तर अजून माझा जीव चरफडतो.

आमच्या गल्लीतल्या तुर्सुनोय-खोलाला, म्हणजे तुर्सुनोय मावशीला, नातू झाला. सून दिलनवाझ, तिची आधीची दोन बाळं हाती लागली नव्हती. खोलाने तोंडावर सांगून ठेवलेलं, "या खेपेला काही झालं तर माहेरची वाट धर." माहेर कसलं डोंबलाचं! आई एकटी, ती तिकडे मॉस्कोत लोकांच्या फरश्या पुसते.

बाळाला पहिल्यांदा पाळण्यात पट्ट्यांनी बांधून निजवायचा समारंभ झाला. चाळीस दिवसांचा चिल्ला सरला नव्हता, म्हणजे बाळाचा चेहरा परक्याच्या नजरेला पडायचा नाही. दिलनवाझ ओपाच्या कानाशी लागली, "ओपाजान, आई ग्रुपवर आहे. नातू नाही तर नाही, निदान हलता पाळणा तरी बघेल."

ओपाचं काळीज विरघळलं. तिने व्हिडिओ घेतला, बाळाच्या चेहऱ्यावर नेहमीसारखा गोल हसरा चंद्र चिकटवला आणि दिला टाकून. सगळ्या बाळांचे फोटो ती असेच झाकते. पण फोटो हलत नाही, पाळणा हलतो. चंद्र बसला जागच्या जागी आणि प्रत्येक झोक्याला बाळाचा उघडा चेहरा त्याच्याआडून बाहेर! ओपाचा चष्मा तेव्हा माझ्या गाद्यांच्या ढिगावर पडला होता.

आम्हाला कळेपर्यंत त्या व्हिडिओखाली लाल बदामांचा खच पडला होता. एकीलाही सोबत दृष्टीचा निळा मणी टाकायची बुद्धी होऊ नये? आणि त्याच दुपारी दिलनवाझचा फोन, "ओपा, तो तापलाय हो! दूधसुद्धा घेत नाही!"

आम्ही धावतच गेलो. डॉक्टरीणबाई औषध देऊन निघतच होत्या. संध्याकाळपर्यंत ताप उतरला नाही तर इस्पितळात न्या, म्हणाल्या. दिलनवाझ अंगणात भिंतीला टेकून उभी, आणि पायरीवर तिचं गाठोडं. ते खोलानेच बांधलं होतं.

"आईला दाखवायची हौस!" खोला कडाडत होती. "दाखवलंस ना सगळ्या जगाला? आता जा, तिलाच जाऊन सांग!"

"खोला, टाकलं मी. मला बोला," ओपा म्हणाली.

"तुलाही सोडत नाही! या गल्लीत यापुढे तुझा एक पाळणा खपतो का बघ!"

बाळ आत कण्हत होतं. ज्याची नजर लागली त्याच्या कपड्याचा दोरा ओढून इसिरिकच्या, म्हणजे दृष्ट काढायच्या रानझुडपाच्या, धुरात जाळायचा, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण एवढ्या बघ्यांचे दोरे आणायचे कुठून?

ओपा पायरीवरच बसली. त्याच पोस्टमधला व्हिडिओ बदलून तिने रिकाम्या पाळण्याचा फोटो लावला; खालचे बदाम तसेच राहिले. खाली लिहिलं, "चूक माझी. बाळ तापलं आहे. ज्यांनी बदाम टाकले त्यांनी आपापले उचलून घ्यावेत आणि निळा मणी ठेवावा." एवढंच. स्वतःचं एकही चित्र नाही.

मग आम्ही बघत बसलो. एक बदाम गेला. एक मणी आला. गफूरजानचा आला. मग भराभर बदाम उतरू लागले, मणी चढू लागले. मॉस्कोहून दिलनवाझच्या आईनेही आपला बदाम काढला. माझीच लागली की काय, असं वाटलं असेल बिचारीला. शेवटी एकच उरला, डोळ्यांच्या जागी बदाम असलेला चेहरा. तो काही केल्या हलेना.

"कोण आहे ती सटवी?" खोला इसिरिकचं पातेलं घेऊनच आली. "नाव सांग! तिच्या ओढणीचा दोरा मी स्वतः खेचून आणते!"

"राहू द्या, खोला."

"राहू कसं द्या? माझा नातू आत जळतोय! दातखीळ बसली का तुझी?"

ओपाने फोन तिच्यापुढे धरला. त्या चेहऱ्याशेजारी एवढासा गोल फोटो होता. पांढऱ्या रुमालातली, मक्केहून आलेली तुर्सुनोय-खोला. सगळ्यांच्या आधी तिनेच टाकला होता.

खोलाने पातेलं पायरीवर ठेवलं.

"झोक्यासरशी तोंड दिसत होतं," ती म्हणाली. आवाज पार खाली गेला होता. "किती गोड दिसत होता गं." मग तिने डोक्यावरच्या रुमालाचा काठ उसवला, दोरा ओढला आणि पातेल्यात टाकला. त्याचा वास सगळ्या अंगणात पसरला.

खिशातून तिने स्वतःचा फोन काढला. बोट त्या चेहऱ्यावर नुसतंच फिरत राहिलं.

"मला टाकता येतं, काढता येत नाही," ती दिलनवाझला म्हणाली. "तू काढ गं पोरी."

दिलनवाझने डोळे पुसून फोन हातात घेतला आणि तो चेहरा काढला. अंधार पडायच्या आत बाळ दूध प्यायलं. औषधाने की धुराने, ते मला विचारू नका. मी पाहिलं ते एवढंच, की खोलाने वाकून पायरीवरचं गाठोडं उचललं आणि सुनेच्या आधी स्वतःच आत नेऊन ठेवलं.