खोक्यातली सुरमई

आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालून देतात. माझ्या आईने हे शिकवलं आणि चौथीनंतर शाळा सुटली तरी हे काही सुटलं नाही.

मी मिरकरवाड्याच्या बंदरावर शेडमध्ये कोळंबी सोलते. मासळी विकायला बसत नाही, कारण मला चार माणसांत बोलता येत नाही. विकायचं काम जाऊबाई करतात. त्यांचा आवाज धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो.

माझी मुलगी बर्गरच्या दुकानात लागली. मुंबई-पुण्याला असतात तसलं, काचेच्या दारांचं दुकान आता रत्नागिरीतही आलं आहे. टोपी आणि शर्ट दुकानातूनच मिळाला. तिला काउंटरवर उभं केलं होतं, पण ते अजून पक्कं नव्हतं. तिथल्या गिऱ्हाइकांना फोनवर अभिप्राय लिहिता येतो आणि चांदण्या देता येतात. ते वाचून दुकानाचे साहेब ठरवणार होते, की हिला काउंटरवर ठेवायचं की आत तळणावर घ्यायचं. काउंटरवर पगार थोडा जास्त. पण तिला पगारापेक्षा तिथे उभं राहणं आवडायचं. गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते ती घरी मला करून दाखवायची. "वेलकम मॅडम, काय घेणार?" मी म्हणायचे, "चहा." ती म्हणायची, "चहा नाय मिळत इथे, आये."

एक दिवस साहेबांनी तिच्याबरोबर आमच्यासाठी दोन बर्गर दिले. जाड पुठ्ठ्याचं, चित्र छापलेलं खोकं. बर्गर खाऊन झाले, पण ते खोकं टाकायला माझा हात होईना. एवढं चांगलं खोकं, तेही साहेबांनी दिलेलं. मी ते आतून पुसलं आणि फळीवर ठेवलं.

पुढच्या आठवड्यात जाऊबाईंनी ताजी सुरमई दिली. मी तुकड्यांना मसाला चोळला, रव्यात घोळवून खरपूस तळल्या. खोक्यात केळीच्या पानाचा तुकडा घातला, त्यावर तुकड्या ठेवल्या आणि झाकण लावलं. लिंबाने हात घासले, धुतलेली साडी नेसले आणि मुलीला न सांगता खोकं साहेबांना द्यायला दुकानात गेले.

माझी मुलगी काही आणायला आत गेली होती. काउंटरवर दुसरी एक मुलगी फोनवर बोलत होती. तिला काय सांगायचं, कसं सांगायचं, हे मला सुचेना. काउंटरच्या एका टोकाला कोणी नव्हतं. मी खोकं तिथे ठेवलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. मुलगी बाहेर आली की हाक मारीन, असं मनात होतं. तयार झालेल्या ऑर्डरी तिथेच ठेवतात, हे मला कुठे ठाऊक?

मुलगी बाहेर आली. तिने वर पडद्यावर नंबर पाहिला, ते खोकं उचलून ट्रेमध्ये ठेवलं आणि समोर उभ्या असलेल्या बाईंना दिलं. खोकं गरम होतं. वास तिला आला नसणार. आमच्या घरात माशाचा वास कोणाला येतच नाही.

मी हे सगळं बघत होते. "ते नको देऊस" एवढंच म्हणायचं होतं. मी अर्धी उठलेसुद्धा. पण दुकान भरलेलं होतं आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. मी परत बसले.

त्या बाई माझ्या शेजारच्याच टेबलावर आल्या. बरोबर नवरा आणि लहान मुलगी. त्या लहानगीनेच झाकण उघडलं.

"मम्मी, यात फिश आहे."

बाई खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या. "आम्ही पनीर सांगितलं होतं. आम्ही शाकाहारी आहोत, अंडंसुद्धा चालत नाही आम्हाला."

माझी मुलगी धावत आली. खोक्यात बघितलं, तर केळीचं पान. मग तिने मान वर केली आणि तिला कोपऱ्यात मी दिसले. ती लगेच त्या बाईंकडे वळून म्हणाली, "चूक माझी आहे, मॅडम. मी बघायला हवं होतं." खोकं उचललं आणि आत गेली. मी मागच्या मागे दारातून बाहेर पडले.

घरी आल्यावर तिने टोपी खुंटीला लावली.

"तू बघत होतीस ना, मी देताना?"

"होय."

"मग?"

तिने फोन काढला आणि त्या बाईंचा अभिप्राय वाचून दाखवला. 'शाकाहारी मागवलं, तळलेला मासा मिळाला. काउंटरवरची मुलगी निष्काळजी आहे.' चांदणी एक. खाली कोणीतरी विचारलं होतं, 'मासा कसा होता?' ते वाचताना तिला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

जाऊबाईंना कळलं तेव्हा त्या धक्क्यावर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माझी सुरमय काचेच्या हाटेलात गेली गो, नि एकच चांदणी घेऊन परत आली." बायका हसल्या. मी खाली मान घालून कोळंबी सोलत राहिले.

मुलीला आत तळणावर घेतलं. संध्याकाळी तिच्या हातांवर तेलाचे चटके दिसायचे. ती ते दाखवत नव्हती, मीच बघत होते. शेवटी मी ठरवलं, की साहेबांना जाऊन सांगायचं. रस्ताभर वाक्य घोकत गेले.

बोट दाखवून बर्गर मागितला. खायला बसले, तर साहेब स्वतःच टेबलं बघत आले. त्यांनी मला ओळखलं नाही. "सगळं ठीक आहे ना, मावशी?"

"तो मासा माझा होता," मी म्हटलं. "भांडं रिकामं देऊ नये म्हणून आणला होता. पोरीची चूक नाय."

त्यांना एक-दोनदा विचारावं लागलं, इतकी मी हळू बोलले. मग ते समोर टेकले. "तिने मला त्याच दिवशी सांगितलं, मावशी. पण वरचे लोक अभिप्राय वाचतात. त्यात लिहिलंय तेवढंच त्यांना दिसतं. काही महिने जाऊ देत, मग बघू."

म्हणजे मी बोलायला हवं होतं ते तेव्हा, अर्धी उठले होते तेव्हाच.

बर्गर संपला. खोकं घेऊन कचऱ्याच्या डब्यापाशी गेले आणि तिथेच थांबले. तसलंच खोकं, तेच चित्र. आतल्या खिडकीतून मुलगी बघत होती. तिच्या हातात झारा होता. तिने मानेनेच खूण केली, टाक.

मी ते टाकलं. रिकामंच.