घरच्या पत्त्यावर

ती पोचपावती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. टाकवत नाही. पत्र होतं सुनेच्या नावाचं आणि पावतीवर सही आहे सासूची.

म्हैसूरच्या एका सरकारी ऑफिसात मी संरक्षण अधिकारी आहे. घरात मार खाणाऱ्या, छळ सोसणाऱ्या बायका अर्ज घेऊन येतात. त्यांचं म्हणणं लिहून घ्यायचं आणि कोर्टापर्यंत पोचवायचं, हे माझं काम. आमचं घराणं इथलंच. पूर्वज राजाच्या फौजेत होते म्हणे. आता उरलीय ती घरातली मराठी, आणि तीही निम्मी कन्नड. माझा स्वभाव तापट आहे, हे ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण हवा होता त्या दिवशी तो तापटपणा कुठं गेला होता, कोण जाणे.

ती सून मंडी मोहल्ल्यातून यायची. माझं बोलणं ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाली, "अय्यो, अक्का, तुम्ही आमच्यातल्याच की!" तिथून पुढं तिला रडू आवरेना. मनगटावर बोटांचे वळ होते. एकटीनं बाहेर पडायला तिला एकच निमित्त मिळायचं: देवराज मोहल्ल्यात ब्लाउज शिवायला टाकणं. शिंप्याकडे जाते असं सांगून मंगळवारी यायची. पिशवीत कापड असायचं आणि डोळे सारखे घड्याळाकडे. दोनदा आली. दोन्ही वेळा उठताना तिनं बजावलं, "अक्का, घरी काही कळवू नका हं. मीच येईन."

तिसऱ्या मंगळवारी ती आली नाही. चौथ्यालाही नाही. आमच्या ऑफिसची पद्धत अशी, की अर्जदार लागोपाठ दोनदा आला नाही तर स्मरणपत्र पाठवायचं, आणि तरी आला नाही तर फाइल बंद करायची. कारकुनानं पत्रांचा गठ्ठा पुढ्यात आणून ठेवला आणि मी खाली मान घालून सह्या करत सुटले. तिचं नाव मी वाचलं होतं. हे मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. नाव वाचलं, पेन थांबलं, आणि मनात आलं, बरं झालं, आठवण होईल, येईल बिचारी. माझ्या मेलीच्या अकलेला काय झालं होतं तेव्हा! खाकी लिफाफा, आत तिच्या मंगळवारांच्या तारखा, वर सरकारी शिक्का आणि पत्ता तिच्या घरचा.

आठवड्यानं पोचपावती आली. सही सासूची होती. सून पुन्हा आली नाही. फाइलवर 'अर्जदारास स्वारस्य नाही' असा शेरा पडला, तोही माझ्याच अक्षरात.

मग ती मला सगळीकडे दिसायला लागली. बसमध्ये पुढच्या सीटवर, भाजीच्या रांगेत, देवळाच्या पायरीवर. शिंप्यांच्या दुकानांत मी डोकावून बघायचे. एकदा तर पाठमोऱ्या बाईचा दंडच धरला. बाई कोणी भलतीच होती, केवढ्यानं ओरडली. घरी येऊन मी खूप रडले.

गेल्या वर्षी खात्यानं ही जुनी कार्यपद्धती बदलायला समिती नेमली आणि मला तिच्यात घेतलं. मी एकच ओळ घेऊन गेले: अर्जदारानं स्वतः लिहून दिल्याशिवाय तिच्या घरच्या पत्त्यावर एकही कागद जाणार नाही. अध्यक्षबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पत्रामुळं नुकसान होतं, याला आधार काय? एखादं उदाहरण आहे?"

"आहे," मी म्हणाले.

"मग त्या बाईंचा जबाब आणा."

म्हणजे घरी कागद जाऊ नये, हे सिद्ध करायला मी घरी जायचं! खरं तर तिथंच टेबलावर हात आपटून सांगायला हवं होतं की ते पत्र माझ्या सहीनं गेलंय, माझाच जबाब घ्या. पण मला लाज वाटली. चारचौघांत स्वतःची सही झाकायला मी "बरं" म्हणाले.

संक्रांतीला आमच्याकडे एळ्ळु-बेल्ल वाटतात. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे यांच्या पुड्या ताटात घालून, नव्या साड्या नेसून बायका घरोघर जातात. त्या दिवशी कुणीही बाईला दारातून परत पाठवत नाही. एवढं डोकं चालवून मी ताट घेऊन दुपारी मंडी मोहल्ल्यात गेले. दार सासूनं उघडलं. पलीकडच्या गल्लीत बहिणीकडे आलेय, आमच्यातली घरं शोधत फिरतेय, असं मी बेधडक ठोकून दिलं. "बन्नी, बन्नी, या की आत," म्हणत तिनं कौतुकानं बसवलं आणि कुंकू लावायला सुनेला हाक मारली.

ती आली. मला बघून चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. डाव्या हाताची दोन बोटं मोडून वाकडीच जुळली होती. उजव्या हातानं तिनं कुंकू लावलं.

"आमची सून आता कुठं जात नाही बघा," सासू हसत म्हणाली. "ब्लाउज घरीच शिवते. मुलानं मशीन आणून दिलंय." कोपऱ्यात मशीन होतं.

सासू नारळ आणायला आत गेली. मी घाईघाईनं विचारलं, "कशा आहात?"

ती कुजबुजली, "अक्का, तुम्ही गेल्यावर मला विचारतील, ही कोण होती म्हणून. मी काय सांगू?"

तेवढ्यात नारळ आलाच. मी ओटीला पदर पुढं केला आणि उठले.

पुढच्या बैठकीत सगळं सांगितलं. पत्र, सही, वाकडी बोटं आणि त्यावर कडी म्हणून माझं तिळगुळाचं सोंग. अध्यक्षबाईंनी माझाच जबाब लिहून घेतला आणि ओळ मंजूर झाली. आता कुणाच्या घरी असा लिफाफा जात नाही. लोक अभिनंदन करतात. माझा जीव नुसता जळतो.

पोलीस का पाठवत नाही, असं बहीण विचारते. सासूसमोर ती 'काही नाही' म्हणेल, पोलीस दारातून परत येतील आणि आत तीच उरेल. फाइल उघडायची तर तिनं आपणहून ऑफिसात यायला हवं. हा नियम नव्या पद्धतीतही आहे, मीच आग्रहानं ठेवायला लावला, आणि तो बरोबरच आहे. मंगळवारी मी जेवायलासुद्धा उठत नाही, दाराकडे बघत बसते. पण त्या घरातून बाहेर पडायला तिला निमित्त लागतं, आणि होतं ते एकुलतं एक निमित्त मी घालवलं.