कढई करपली ती सकाळ

दूध करपल्याचा वास आला की मला भूम गावातल्या आमच्या खव्याच्या भट्टीवरची एक सकाळ आठवते. लेक नर्सच्या नोकरीसाठी पहिल्यांदाच परदेशी निघाली होती, आणि मी धुरात डोळे चोळत मोठ्या कढईत दूध आटवत होते. तेवढ्यात तिचा फोन आला. "आई, वाटेत विमान बदलायचं होतं ना, ते चुकलं. इथं कुणी ओळखीचं न्हाय. मी माघारी येते," म्हणून ती रडायला लागली. ऐकता ऐकता माझा उलथन्यावरचा हात थांबला आणि सगळं दूध बुडाला लागलं. खवा न्यायला गाडी दुपारी यायची होती. मी जळती लाकडं मागं ओढली आणि तिला म्हणाले, "माझी बी कढई करपली. मी ती घासून दुसरं दूध चढवते, तू तिथल्या खिडकीवर जाऊन दुसरं विमान माग. माघारी यायचं न्हाय. फोन तेवढा चालू ठेव." फोन ओट्यावर ठेवून मी राखेनं कढई घासत राहिले. तिकडून तिचं अडखळतं इंग्रजी ऐकू येत होतं, ते हळूहळू सरळ होत गेलं. दुसऱ्या दुधाला उकळी फुटली तेव्हा ती म्हणाली, "मिळालं गं आई, रात्रीचं हाय." आता ती सुट्टीत एकटीच देशोदेशी फिरते आणि सगळ्यांना सांगते, आईला ठाऊक होतं म्हणून मी माघारी फिरले न्हाय. चुकलेल्या विमानाच्या जागी दुसरं मिळतं का, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?