मनोरे कोसळले त्या संध्याकाळची मोहनमाळ

ती घटना आजही जशीच्या तशी आठवते, असं लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. कारण 'जशीच्या तशी' या शब्दांवरचा माझा विश्वास त्याच प्रकरणात उडाला.

तेव्हा मी जयपुरातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. वडील फौजेत, मूळ गाव साताऱ्याकडचं, पण मी वाढलो इथेच. त्यामुळे बनी पार्क वस्तीतल्या एका मराठी काकू तक्रार घेऊन आल्या, तेव्हा हवालदाराने त्यांना थेट माझ्यापुढे आणून बसवलं. काकूंचे यजमान फौजेतून निवृत्त होऊन वारलेले, मुलगाही फौजेत, सरहद्दीवर. दिवाळी तोंडावर आलेली.

"मोहनमाळ गेली हो साहेब. सासूबाईंची होती."

"शेवटची कधी पाहिलीत?"

काकू एका दमात म्हणाल्या, "न्यूयॉर्कचे ते मनोरे पडले ना, त्या संध्याकाळी. टीव्हीवर दुसरा मनोरा खाली येत होता, मी माळ कपाटात ठेवत होते, आणि महाराज स्वयंपाकघराच्या दारातून टक लावून बघत होता. मरेपर्यंत विसरायची नाही मी!"

महाराज म्हणजे त्यांचा स्वयंपाकी. अकरा वर्षं त्या घरात पोळ्या लाटत होता. साक्षीदार इतकी ठाम असली की तपास अधिकाऱ्याला बरं वाटतं. मलाही वाटलं. महाराजाला ठाण्यात आणलं, खोलीची झडती घेतली. काही सापडलं नाही. त्याची बायको सकाळपासून ठाण्याच्या पायरीवर डोक्यावर पदर ओढून बसून होती. महाराजाचं दुसऱ्या घरचं काम तोवर सुटलंच होतं. चोराला कोण स्वयंपाकघरात घेणार?

महाराजाचं एकच पालुपद. "साहब, उस शाम तो मैं यहीं था। आपके सामने खड़ा था। साइकिल चोरी की रपट लिखवाने आया था।"

माझं डोकंच फिरलं. कारण ती संध्याकाळ मला लख्ख आठवत होती. ठाण्यातला कोपऱ्यातला टीव्ही, माझ्या हातात चहाचा ग्लास, दुसरा मनोरा पत्त्यांच्या बंगल्यासारखा खाली आला आणि ठाण्याची लिखापढी करणारे मुन्शीजी "हे राम" म्हणाले. त्यात कुठे हा महाराज? कुठली सायकल? माझ्या तोंडावर खोटं बोलतोस! खोटं कशाला लिहू, मी त्याच्या कानफटात मारली.

गालावर हात ठेवून तो म्हणाला, "साहब, रोजनामचा देख लीजिए।"

रोजनामचा म्हणजे ठाण्याची रोजची डायरी. कोण आलं, काय सांगून गेलं, कोण किती वाजता बाहेर पडलं, सगळं त्यात चढतं. त्याला उघडं पाडायचं म्हणूनच मी ती मागवली. त्या तारखेचं पान उघडलं. संध्याकाळी सात चाळीस, सायकल चोरीची तक्रार, महाराजाचं नाव. अक्षर माझं. पावणेआठला बसस्थानकावर मारामारी, मी फौजफाट्यासह रवाना. परत साडेदहाला. तेही माझ्याच अक्षरात. आणि दुसरा मनोरा पडला तेव्हा आपल्याकडे आठ वाजत आले होते.

मी मुन्शीजींना म्हणालो, "पण आपण इथे टीव्हीवर पाहिलं ना?"

"इथे? टीव्ही तर त्या आठवड्यात दुरुस्तीला गेला होता, साहेब."

बाप रे! म्हणजे मी ते सगळं दुसऱ्या दिवशी घरी पाहिलं होतं, आणि माझ्या मनाने ते परस्पर ठाण्यात आणून ठेवलं होतं. मग काकूंच्या मनानेही तसंच केलं नसेल कशावरून?

तडक बनी पार्क गाठलं. या वेळी काय पाहिलं ते विचारलंच नाही. विचारलं, "काकू, ते बघताना मनात काय आलं?"

"दुसरं काय येणार? आता लढाई होणार. माझा पोर सरहद्दीवर!"

"एकाहत्तरच्या लढाईत दागिने कुठे ठेवायचात?"

काकूंचा चेहरा उतरला. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या आणि माळ्याकडे बघू लागल्या. माळ्यावरून यजमानांचा जुना होल्डॉल, फौजेतली ती अंथरुणाची वळकटी, खाली काढला. केव्हाही निघावं लागेल म्हणून लढाईच्या दिवसांत त्या दागिने त्यात बांधून ठेवत. उशीच्या खोळीत मोहनमाळ होती. दुसऱ्या दिवशी तीच दृश्यं पुन्हा बघताना, घाबरून, जुन्या सवयीने हात आपोआप तिकडे गेला होता. काकू तिथेच रडायला लागल्या.

महाराजाला सोडलं, हात जोडून माफी मागितली. काकूंनी परत कामावर बोलावलं, तो गेला नाही. ठाण्याच्या दारात थांबून त्याने एवढंच विचारलं, "साहब, और मेरी साइकिल?"

रपट लिहून घेऊन महिना उलटला होता आणि कोणी जागचं हललं नव्हतं. आठ दिवसांत मी स्वतः ती शोधून दिली. त्याने सही केली, सायकल घेतली, माझ्याकडे पाहिलंही नाही.

पुढे कुठलाही साक्षीदार "डोळ्यांसमोर आहे साहेब" म्हणाला, की मी आधी त्या वेळची लेखी नोंद शोधत असे. काकू खोटं बोलल्या नव्हत्या, मीही नाही. जगात एवढं मोठं काही घडतं तेव्हा प्रत्येकाला आपण तिथे नीट हजर होतो असं वाटून घ्यायचं असतं.

आजही मनोऱ्यांचा विषय निघाला की मला ठाण्यातला तो टीव्ही दिसतो. तो खोटा आहे, हे मी जाणतो. महाराजाच्या गालावर उठलेली माझी चार बोटं मात्र मी कुठल्याच रोजनामच्यात लिहिली नाहीत. ती खरी आहेत.