भिंतीपलीकडची हाक

चिकलठाण्याच्या कारखान्यात फिटर असलेल्या मुंजाबाला एकच येड होतं, स्पीकरचं. बरं, जुना वाजत नव्हता का? चांगला दणदणीत वाजायचा! पण थोडे दिवस गेले की याला त्यात काहीतरी कमी वाटायचं. मग नवा अँप्लिफायर, मग जाड वायर, वायर झाली की पुन्हा स्पीकर. आणि ऐकायचं काय, तर एकच कॅसेट. मेंढ्यांच्या वाड्यावर मामानं टेप केलेल्या आईच्या, बानाबाईच्या ओव्या. तेव्हा मुंजाबा तिच्या मांडीवर होता.

बायको मंजुळाबाई पार कावली. "सवत परवडली असती, धुणं तरी धुती," म्हणायची. शेवटी तिनंच त्याला मनाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी लहानपणचं विचारलं. मुंजाबानं सांगितलं, आई मेंढ्यांमागं जायची आन् मी एकटा वाड्यावर, लांडग्याचं लई भ्या. परतताना ती टेकाडामागूनच 'मुंजाऽऽ' म्हणून हाक द्यायची. हाक आली की जागचं हलायचं नाय, ही आम्हा धनगराच्या पोरांना ताकीदच. हाकेमागं निघालेलं पोर अंधारात चुकतं.

"तुम्ही स्पीकर घेत नाही, ती हाक शोधताय," डॉक्टर म्हणाले. "ती दुकानात मिळायची नाही. म्हणून तर घरी आणलेली प्रत्येक वस्तू पुन्हा पोकळ वाटते."

बानाबाई आता मागच्या खोलीत खाटेवर असायची, तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चाललेला. एक दिवस तो बंदच होईल, ही धास्ती मुंजाबानं कुणालाच सांगितली नव्हती. आणि पठ्ठ्यानं येता येता नवा स्पीकरच घेतला, आता बोला!

दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुळाबाई दळण आणायला गेली आणि यानं कॅसेट लावली. दोन ओव्यांच्या मधे, स्पीकरच्या पार मागून, लांबून हाक आली. 'मुंजाऽऽ'. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. इतक्या वर्षांत कॅसेटवर कधी ऐकू न आलेली हाक! डोळे भरून आले. तो जागचा हलला नाही, पोरासारखी मांडी घालून तसाच बसून राहिला. हाक पुन्हा आली, आणखी बारीक. मग आलीच नाही.

त्यानं कॅसेट मागं घेऊन पुन्हा लावली. ओव्या आल्या, हाक नाही. वायर हलवून बघितली, तरी नाही. मग त्याचे हात थांबले. मांडीवरच्या लेकराला आई लांबून हाक कशाला मारील?

"आये!" करत तो मागं धावला. बानाबाई खाटेखाली पडली होती, शेजारी तांब्या लवंडलेला. डोळे उघडे होते, त्याच्याकडंच बघत होते. ओठ हलत होते. अँपची बारीकशी घरघर धरणारा कान त्यानं तिच्या तोंडाला लावला. नुसता श्वास लागला, आवाज नाही. भिंतीपलीकडं मात्र बानाबाई खणखणीत गात होती.

मंजुळाबाई दळण घेऊन दारात आली.

"बंद कर ते!" तो तिच्यावर ओरडला. "आगं, आधी ते बंद कर! आय कायतरी म्हणतीय."