जिम आजोबांच्या विमानाचा पत्रा

परवा इथे न्यूझीलंडमध्ये, आमच्या लोअर हटला छान कडक ऊन होतं, म्हणून सकाळीच सांडगे घातले. तेवढ्यात शेजारची लिंडा रडवेली होऊन आली… घर आवरताना तिने कुंपणापाशी 'फ्री' अशी पाटी लावून सामान ठेवलं होतं. त्यातला भोकाभोकांचा पत्रा कोणी नेला, पाहिलंत का?

कोणी म्हणजे मीच. हलका, मजबूत पत्रा फुकट मिळत होता. घासून धुतला, वर जुन्या सुती साडीचा तुकडा अंथरला आणि त्यावरच सांडगे घातले होते.

तो लढाईतल्या विमानाचा होता म्हणे. लिंडाचे वडील, नव्वदी ओलांडलेले जिम आजोबा, त्या दिवशी रेस्ट होमला, म्हणजे वृद्धाश्रमात राहायला जायचे होते. पत्रा मिळाल्याशिवाय गाडीत बसायलाच तयार नव्हते.

सांडगे भराभर ताटात काढले, आणि आम्ही नवराबायको पत्रा घेऊन लिंडाबरोबर निघालो. "युद्धसामग्री पळवलीस तू," आमचे हे वाटेत म्हणाले.

आजोबांनी पत्रा मांडीवर घेतला. माझं इंग्रजी दहावीपुरतं, म्हणून हे मध्ये मध्ये समजावत होते. महायुद्धात आजोबांचं विमान पॅसिफिकमध्ये होतं. ते जवळजवळ सरळ खाली सूर मारायचं, बॉम्ब टाकायचं आणि परत वर यायचं. सूर मारताना पंखांमागचे हे पत्रे उघडायचे, वेग आवरायला.

सूरही मारायचा आणि ब्रेकही लावायचा… मला काही केल्या कळेना. आणि भोकं कशाला?

"तू का उचललास हा?" आजोबांनी उलट मलाच विचारलं.

"भोकांतून वारा जातो म्हणून."

ते हसले. "आम्हालाही तेवढंच हवं होतं. नाहीतर अख्खं विमान थडथडायचं. मग नेम कसला लागतोय. आणि ब्रेक नसता, तर परत वर कुठले येतोय."

मग विचारू नये ते मी विचारलं… खाली माणसं होती का?

आजोबांनी पत्र्यावरून हात फिरवला. ते मागच्या बंदुकीवर, पायलटकडे पाठ करून बसायचे. "आम्ही खाली जायचो तेव्हा मला फक्त आकाश दिसायचं, डिअर," एवढंच म्हणाले. आणि पत्रा घेऊन गाडीत बसले.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावला. ह्याच पत्र्यामुळे आजोबा सुखरूप वर आले, आणि ह्याच्यामुळेच नेम लागला… मग त्या पत्र्याला मनातून नमस्कार करायचा की नाही? आजोबांसाठी मागणं मागितलं. पण खाली जे होते, त्यांची नावं ना मला माहीत, ना आजोबांना. मी तशीच हात जोडून बसून राहिले.