शापाच्या दगडाचं सुशोभीकरण

मी समितीची अध्यक्ष झाले ती शाळेतून निवृत्त झाले होते आणि घरी वेळ होता म्हणून. दुसरं काही कर्तृत्व नव्हतं. माणिकपूरच्या आमच्या सोसायटीतली आणि आसपासची आम्ही सात माणसं सुट्टीच्या दिवशी वसईतली जुनी ठिकाणं बघत हिंडायचो. एक बँकेतले, एक मंत्रालयात नोकरी करणारे, एक दातांचे डॉक्टर, असेच सगळे. एका रविवारी जूचंद्रच्या पलीकडे, खाडीच्या बाजूच्या एका गावात, तळ्याकाठी आम्हाला तो दगड दिसला. कमरेएवढा उंच, जरासा कललेला. वर चंद्रसूर्य, मध्ये झिजलेल्या अक्षरांच्या सात ओळी, आणि खाली गाढव आणि बाई. ते चित्र इतिहास शिकवताना मी कायम घाईघाईने पुढे ढकलत आले होते. शिलाहारांच्या काळचा गधेगाळ. कुणीतरी कुणाला जमीन दान दिली आणि ते दान जो मोडेल त्याच्यासाठी ही शिवी दगडात कोरून ठेवली. गावात त्याला शापाचा दगड म्हणत. आठशे-नऊशे वर्षं तो उन्हापावसात उभा होता आणि त्याचं फारसं काही बिघडलं नव्हतं. मग आम्ही सातजणांनी समिती केली आणि त्याची काळजी घ्यायचं ठरवलं.

सुरुवात मी काकींशी भांडून केली. काकी तळ्याला लागून असलेल्या घरात राहत. वय पंच्याहत्तरच्या पुढे, मागे वांग्या-मिरच्यांचा मळा. रोज सकाळी त्या दगडावर तांब्याभर पाणी घालत आणि अमावास्येला तेल.

“काकी, तेल घालू नका. त्यावर धूळ बसते, अक्षरं बुजतात.”

“माज्या सासूनं घातला, तिच्या सासूनं घातला. तुमाला वाचता येतात ती अक्षरं?”

“थोडीफार,” मी म्हणाले. खरं तर मला एक ओळही येत नव्हती. पण त्यांचा मुलगा मध्ये पडला, बाई शिकलेल्या आहेत, ऐक त्यांचं, म्हणाला. तेल बंद झालं. मला तो समितीचा पहिला विजय वाटला.

मग अर्ज सुरू झाले. पहिल्या कचेरीत सांगितलं, दगड संरक्षित यादीत नाही, म्हणजे आमचा नाही. दुसऱ्या कचेरीत सांगितलं, तळं आमचं, काठही आमचा, पण दगड जुना आहे आणि जुनं सगळं पहिल्या कचेरीचं. तिसरीकडे जागेचा उतारा मागितला. उताऱ्यावर तळं होतं, दगड नव्हता. मी विचारलं, “इतका जुना दगड तुमच्या उताऱ्यावर कसा असेल?” कारकून वर न बघता म्हणाला, “मॅडम, तोच तर प्रॉब्लेम आहे.”

असं दीड वर्ष गेलं. शेवटी मंत्रालयातल्या सदस्यांनी मला बाजूला घेतलं. “तुम्ही नुसतं जतन लिहिता. त्याने फाइल हलत नाही. सुशोभीकरण लिहा.”

“पण आपल्याला सुशोभीकरण नकोय.”

“लिहायला काय जातं? एकदा फाइल हलू दे, मग बघू.”

मी लिहिलं. ‘तळ्याकाठच्या प्राचीन शिलालेखाचे जतन व सुशोभीकरण.’ खाली माझी सही आणि सहीखाली ठळक अक्षरांत ‘अध्यक्ष’.

त्यानंतर माझ्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी दोन महिने कराडला होते. तिथे असताना बँकवाल्यांनी ग्रुपवर एक फोटो टाकला आणि खाली हात जोडलेले. मला वाटलं, चुकून दुसरा कुठला फोटो आलाय.

परत आल्यावर स्टेशनवरून सामान घरी टाकलं आणि रिक्षा करून थेट गावात गेले. दगडाभोवती चॉकलेटी टाइल्सचा चौथरा, त्याला स्टीलचं रेलिंग. दगड सरळ करून सिमेंटमध्ये घट्ट बसवलेला, इतका खोल की गाढव आणि बाई दोन्ही जमिनीत. वर राखाडी ऑइलपेंट. आणि अक्षरं सोनेरी. जिथे अक्षर झिजून गेलं होतं तिथे पेंटरने आपल्या मनाने काढलं होतं. एका ओळीत मला स्पष्ट ‘श्री’ दिसला, जो तिथे कधीच नव्हता.

मुकादम रेलिंगचं शेवटचं वेल्डिंग बघत उभा होता. मी काही बोलायच्या आधीच त्याने खिशातून पत्राची झेरॉक्स काढून माझ्या हातात दिली. “तुमचंच पत्र आहे ना मॅडम? बघा, जतन म्हणजे सिमेंट. सुशोभीकरण म्हणजे कलर. दोन्ही केलंय.”

“आणि खालचं चित्र?”

“ते बरं नव्हतं दिसत. लेडीज येतात इकडे.”

काकी त्यांच्या ओट्यावर बसून हे ऐकत होत्या. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “माजा तेल नको होता. मंग ह्यो रंग कोनी सांगितला?”

कारकून, पेंटर, मुकादम, मंत्रालयातले सदस्य अशी सगळी नावं माझ्या तोंडाशी आली होती. पण झेरॉक्स माझ्या हातात होती. “मी,” मी म्हणाले.

“मंग आता तुमीच काढा.”

समितीची तातडीची बैठक माझ्याच घरी झाली. एकाने मत दिलं की निदान आता दगड चोरीला तरी जाणार नाही. दुसऱ्याने उपसमिती नेमायला सुचवलं. सातजणांत उपसमिती. मी चहाचे कप उचलून आत गेले आणि पाच मिनिटं सिंकपाशी उभी राहिले, कारण बाहेर गेले असते तर ओरडले असते. कचेरीत कळलं की काम पूर्ण झाल्याचा दाखला निघालाय, तेव्हा आता काही काढायचं तर ते पाडकाम होईल आणि त्याचा अर्ज निराळा.

सुटका झाली ती एका तज्ज्ञ बाईंमुळे. दगडी शिल्पांची साफसफाई हेच त्यांचं काम. माझ्या जुन्या विद्यार्थिनीने त्यांच्याशी गाठ घालून दिली. त्या आल्या, रंगाला बोट लावलं आणि म्हणाल्या, “आणखी कुणी काही करू नका. एवढं जमेल का तुम्हाला?” ‘देखभाल’ या एका शब्दावर परवानगी मिळाली, तो शब्द त्यांना माहीत होता. काकींच्या मुलाने आणि भाच्याने छिन्नीने सिमेंट फोडलं, बाईंनी यंत्र लावू दिलं नाही. रंग कापसाच्या बोळ्यांनी, औषध लावून, बोटभर बोटभर निघाला. दातांचे डॉक्टर दर रविवारी बाईंच्या हाताखाली बसत आणि आपल्या पेशाला शोभेल इतक्या हलक्या हाताने काम करत. दिवाळीनंतर सुरू झालेलं काम होळीपर्यंत चाललं. खालच्या पाच ओळी स्वच्छ झाल्या. वरच्या दोन ओळींत सोनेरी रंग इतका मुरला होता की त्या आता कुणालाच वाचता येणार नाहीत. गाढवाचा एक पाय सिमेंटबरोबर गेला. रेलिंग तसंच आहे. ते काढायला पुन्हा निराळा अर्ज लागतो.

मी राजीनामा दिला आणि अध्यक्षपदासाठी काकींचं नाव सुचवलं. त्यांनी ते उडवून लावलं. “मला बैठकांना बोलवू नका. पत्र लिवलात का आधी मला वाचून दाखवा, मंग धाडा.” माझा राजीनामा कुणीच मंजूर केला नाही, कारण माझ्या जागी यायला कुणी तयार नव्हतं. तेलाचंही ठरलं. काकींनी दगडापासून दोन हात लांब एक पाटा मांडलाय, तेल त्यावर.

गेल्या महिन्यात कचेरीतून विचारणा आली की तळ्याभोवती रंगीत दिवे आणि कारंजं बसवायचं आहे, समितीचं मत कळवावं. मी दोन पानी उत्तर लिहून काकींकडे गेले. त्या वांगी निवडत होत्या. प्रकाशाचे परिणाम, पाण्याचे तुषार, दगडाचा प्रकार, सगळं मी वाचत होते. पहिलं पान संपायच्या आत त्यांनी हात वर केला.

“नको म्हना. एवढाच लिवा.”

मी घरी येऊन एवढंच लिहिलं आणि सही केली. उत्तर अजून आलेलं नाही.